दाताची कीड: कधीच नसलेल्या एका किड्याचा चार हजार वर्षांचा इतिहास

१/
‘दाताला कीड लागली.’ हे वाक्य ज्या घरात उच्चारले गेले नाही असे मराठी घर विरळाच. रुग्णाला समजावून सांगताना दंतवैद्यही हाच शब्द योजतात. वस्तुतः दातात कोणताही किडा राहत नाही. दात पोखरणारी अळी आजवर कोणी पाहिलेली नाही. असे असताना हा किडा भाषेत शिरला कोठून, चार सहस्रके टिकला कसा, आणि त्याच्यावरच्या विश्वासाची किंमत कोणी मोजली? आजचा धागा या प्रश्नांविषयी. #धागा #इतिहास

२/
हा समज केवळ आपला नाही. हिंदीत ‘दाँत में कीड़ा’ लागतो. चिनी भाषेत किडक्या दाताला ‘चोंग-या’ म्हणतात, म्हणजे ‘किड्याचा दात’. जपानी ‘मुशिबा’ या शब्दाचा अर्थही तोच. जपानीत ६ साठी ‘मु’ आणि ४ साठी ‘शि’ असा उच्चार होतो, म्हणून तेथील दंतवैद्यांच्या संघटनेने १९२८ मध्ये ४ जून हा दिवस दंतरक्षणाच्या प्रचारासाठी निवडला. चीनमधील शांग राजवटीच्या, तीन हजार वर्षांहून जुन्या अस्थिलेखांत दंतक्षयासाठी जे चिन्ह आढळते, त्यात दातांवर अळी कोरलेली आहे. दूरदूरच्या समाजांनी एकाच दुखण्यामागे एकच प्राणी पाहिला.

३/
या किड्याची सर्वांत प्रसिद्ध कथा मेसोपोटेमियातील आहे. बॅबिलोनच्या एका मृत्तिकाफलकावर दातदुखीचा मंत्र कोरलेला आहे आणि त्याची सुरुवात थेट विश्वोत्पत्तीपासून होते. आकाशातून पृथ्वी झाली, पृथ्वीतून नद्या, नद्यांतून कालवे, कालव्यांतून दलदल आणि दलदलीतून किडा. हा किडा देवांपुढे रडत गेला व आपले अन्न कोणते असे विचारू लागला. देवांनी पिकलेली फळे देऊ केली. त्याने ती नाकारली आणि दात व हिरडी यांच्यामध्ये राहण्याची जागा मागितली.

४/
मंत्राच्या शेवटी किड्याला शाप आहे आणि त्यानंतर उपाय: औषधी, मद्य व तेल यांचे मिश्रण दातावर लावावे आणि मंत्र तीनदा म्हणावा. हाती आलेली प्रत नव-बॅबिलोनी काळातील असली, तरी ती अधिक जुन्या फलकावरून उतरवली असल्याची नोंद तीवरच आहे. ही परंपरा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकापर्यंत मागे जाते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे किड्याचे स्थान. तो बाहेरून आलेला, हट्टाने घर करून बसलेला परका आहे. त्याला हाकलून लावले की दुखणे संपले. पुढील चार हजार वर्षांच्या उपचारांचा पाया या एका कल्पनेत आहे.

५/
प्राचीन लोकांना हसण्यापूर्वी त्यांच्या डोळ्यांनी पाहू. किडलेल्या दातावर काळे भोक दिसते. तसेच भोक बोरावर, वांग्यावर, लाकडावर दिसते आणि तेथे खरोखरच अळी सापडते. उपटलेल्या दाताच्या मुळातून कधी कधी मऊ, पांढरट तंतू बाहेर येतो. ती दाताची मज्जा असते, पण दिसते अळीसारखी. शिवाय ठणक अशी की आत काहीतरी वळवळत आहे असेच वाटावे. उपलब्ध पुराव्यावरून काढलेला हा तर्कशुद्ध निष्कर्ष होता. तो चुकीचा होता ही गोष्ट वेगळी.

६/
दंतक्षय माणसाच्या मागे कधी लागला, हे उत्खननांतून मिळालेले दातच सांगतात. शिकार आणि कंदमुळे यांवर जगणाऱ्या समाजांत त्याचे प्रमाण साधारणपणे कमी, तर धान्यावर जगणाऱ्या शेतकरी समाजांत अधिक आढळते. शिजलेले पिष्ट दातांना चिकटून राहते. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे सुमारे ९००० ते ७५०० वर्षांपूर्वीच्या नऊ प्रौढांच्या अकरा दाढांवर गारगोटीच्या टोकाने कोरलेली छिद्रे सापडली आणि २००६ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी चार दातांत क्षयाच्या खुणा आहेत. मणी भोकणाऱ्या कारागिरांच्या या गावात तीच सामता दातांवरही फिरली होती.

७/
महाराष्ट्रातही असे दप्तर आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तेथील सांगाड्यांच्या दातांचाही अभ्यास झाला. पुरातत्त्वज्ञांच्या दृष्टीने दात हे शरीरातील सर्वांत टिकाऊ दस्तऐवज होत. हाडे झिजतात, पण दातांवरील कवच उरते, आणि त्यावरील झीज, क्षय व साचलेले कीटण पाहून तो माणूस काय खात होता याचा अंदाज बांधता येतो. ज्याला आपण कीड म्हणतो ती खरे तर आहाराची नोंद आहे.

८/
आता भारतीय वैद्यकाकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखाचे ६५ रोग सात स्थानांत विभागून सांगितले आहेत. त्यांत दातांच्या मुळांचे, म्हणजे हिरड्यांचे, १५ आणि दातांचे ८. या आठांत ‘कृमिदंतक’ आहे: काळे छिद्र, हलणारा दात, स्राव, सूज आणि अकारण उठणारी तीव्र वेदना. वर्णन इतके नेमके की आजही रोग ओळखता यावा. याच यादीत ‘दंतशर्करा’ आहे, म्हणजे दातांवर साचून खड्यांसारखा कठीण झालेला मळ. ‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थ खडे, वाळू. हा शब्द ध्यानात ठेवा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

९/
सुमारे सातव्या शतकातील वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त कृमिदंताची जी उत्पत्ती सांगितली आहे, ती बारकाईने पाहण्याजोगी आहे. दोषांमुळे दाताची मज्जा सुकते, दात पोकळ होतो, त्या पोकळीत अन्नाचा मळ भरतो, तो कुजतो आणि त्या कुजण्यातून सूक्ष्म कृमी उत्पन्न होतात. बॅबिलोनचा किडा बाहेरून येऊन दात खातो. वाग्भटाचा कृमी अडकलेल्या अन्नाच्या कुजण्यातून जन्मतो. कृमी दोन्हीकडे आहे, परंतु कार्यकारणाची साखळी निराळी आहे.

१०/
येथे एक सावधगिरी हवी. ‘सूक्ष्म कृमी’ म्हणजे आजचे जीवाणू, म्हणून आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते, अशी उडी मारू नये. सूक्ष्मदर्शकाविना जीवाणू दिसत नाहीत, आणि वाग्भटाची मांडणी वात, पित्त, कफ या चौकटीतील आहे. पण उलट बाजूने सर्व भाकडकथा म्हणून झटकूनही टाकू नये. अडकलेले अन्न आणि दाताचा नाश यांचा संबंध त्या निरीक्षकाने पकडला होता. इतिहासाच्या अभ्यासकाने जेवढे श्रेय द्यायचे तेवढेच द्यावे, त्याहून अधिक नको आणि कमीही नको.

११/
उपचारही त्या समजुतीला धरून होते. वाग्भटाच्या ग्रंथात दाताची पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून डाग देण्याचा उपाय आहे. सुश्रुताच्या शस्त्रांच्या यादीत ‘दंतशंकु’ नावाचे दात खरवडण्याचे हत्यार आहे, आणि दंतशर्करा काढताना दातांच्या मुळांना इजा होऊ नये असे बजावले आहे. शेवटची सूचना आजच्या दंतवैद्याच्या तोंडीही शोभेल. दातांवर साचलेला कठीण थर काढणे आणि हिरडी शाबूत राखणे, हे काम तेव्हाही कौशल्याचे मानले जात होते.

१२/
पण त्या ग्रंथांतील सर्वांत मोलाचा भाग रोगाच्या प्रकरणात नाही, दिनचर्येच्या प्रकरणात आहे. चरकसंहिता दिवसातून दोन वेळा दंतधावन सांगते: तुरट, तिखट किंवा कडू रसाच्या काडीचे टोक चावून कुंचल्यासारखे करावे आणि हिरड्यांना न दुखावता घासावे. करंज, कण्हेर, रुई, अर्जुन, असाणा ही झाडे त्यासाठी सुचवली आहेत. सुश्रुत काडीची लांबी बारा अंगुळे आणि जाडी करंगळीएवढी ठेवतो. कडू काड्यांत निंब, तुरटांत खैर, तिखटांत करंज आणि मधुरांत मोह श्रेष्ठ, असा त्याचा निवाडा आहे.

१३/
बौद्ध संघातही या काडीचे नियम झाले. विनयपिटकात दंतकाष्ठ न वापरण्याचे पाच तोटे सांगितले असून मुखदुर्गंधी त्यांतील एक आहे. काडी आठ अंगुळांहून लांब नसावी. चार अंगुळांहून आखूडही नसावी, कारण फार आखूड काडी एका भिक्षूच्या घशात अडकली होती. सातव्या शतकात भारतात राहिलेला चिनी भिक्षू यिजिंग आपल्या वृत्तान्तात या काडीवर स्वतंत्र प्रकरण लिहितो. चिनी लोक तिला ‘विलोची फांदी’ म्हणतात, परंतु भारतात विलोची झाडे दुर्मीळ आहेत, असेही तो सुधारून सांगतो. धर्मग्रंथ आणि प्रवासवर्णन अशा दोन स्वतंत्र साधनांतून एका साध्या सवयीचा पुरावा मिळतो.

१४/
म्हणजे एकाच परंपरेत दोन विचार शेजारी नांदत होते. पहिला असा की दातात कृमी आहे, त्याला जाळा, धुरा, पळवा. दुसरा असा की दात रोज दोनदा हलक्या हाताने घासा. पहिला विचार दुखणे उठल्यावर आठवतो, दुसरा दुखणे उठू नये म्हणून असतो. लोकांच्या स्मरणात अधिक ठसला तो पहिला, कारण वेदनेने विव्हळणाऱ्या माणसाला तत्काळ शत्रू हवा असतो. रोजच्या काडीची कथा कोणी सांगत नाही.

१५/
कृमी पळवण्याचा सर्वांत लोकप्रिय मार्ग म्हणजे धुरी. रोममध्ये पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या वैद्याने खुरासानी ओव्याच्या बियांचा धूर तोंडात घेण्यास सांगितले. हा उपाय युरोपात दीड हजार वर्षांहून अधिक काळ टिकला. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हेच काम भुईरिंगणीच्या बियांनी केले. निखाऱ्यावर बी टाकून त्याचा धूर नळीने दुखऱ्या दाढेपर्यंत पोहोचवायचा, आणि मग खाली ठेवलेल्या पाण्यात ‘किडे’ पडलेले दाखवायचे. रुग्ण समाधानाने घरी जाई. त्याला दोन पुरावे मिळालेले असत: ठणक कमी झाली होती आणि किडे डोळ्यांनी दिसले होते.

१६/
ठणक कमी होण्याचे कारण निदान खुरासानी ओव्याच्या बाबतीत स्पष्ट आहे. त्या वनस्पतीत गुंगी आणणारी द्रव्ये असतात. आणि किडे? १७५७ मध्ये जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथील याकोब क्रिस्टियान शेफर याने ‘दातांतील काल्पनिक किडे’ या विषयावर पुस्तकच लिहिले. निखाऱ्यावर बी तडकते आणि आतला वळलेला कोंब बाहेर पडतो. पाण्यात पडलेला तो कोंब हुबेहूब अळीसारखा दिसतो. तोंडाजवळ न नेता नुसते बी जाळले तरी तेच ‘किडे’ मिळतात. हजारो वर्षांचा पुरावा एका साध्या प्रयोगाने कोसळला.

१७/
त्याआधीच दोघांनी या किड्याची झडती घेतली होती. १६८३ मध्ये हॉलंडमधील डेल्फ्टचा कापडव्यापारी अँटनी फान लेवेनहूक याने स्वतःच्या दातांवरील पांढरा लेप भिंगाखाली पाहिला. तो रोज मिठाने दात घासणारा माणूस, तरीही त्या लेपात असंख्य हलणारे सूक्ष्म जीव दिसले. देशात जेवढी माणसे नाहीत त्याहून अधिक जीव आपल्या तोंडात आहेत, अशा आशयाचे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. पुढे १७२८ मध्ये आधुनिक दंतवैद्यकाचा जनक मानला जाणारा फ्रेंच शल्यक पिएर फोशार याने आपल्या ग्रंथात लिहिले की, भिंगातून शोधूनही दातांतले किडे आपल्याला आढळले नाहीत. मिठाई खाणाऱ्यांचे दात लवकर नासतात, हेही त्याने नोंदवले.

१८/
आता ‘शर्करे’कडे परत येऊ. उसाच्या रसापासून खडे करण्याची विद्या भारतात विकसित झाली आणि पदार्थाबरोबर शब्दही प्रवासाला निघाला: संस्कृत शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर, आणि तेथून युरोपीय भाषांत. मध्ययुगीन युरोपात साखर औषधाच्या पुडीसारखी महाग होती. १५९८ मध्ये जर्मन प्रवासी पाउल हेंट्स्नर याने इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिला पाहिले आणि तिचे काळे पडलेले दात नोंदवून त्याचा संबंध इंग्रजांच्या साखरेच्या अतिसेवनाशी जोडला. काळे दात त्या काळी श्रीमंतीचे दुखणे होते.

१९/
ते गरिबांपर्यंत पोहोचवले साम्राज्याने. कॅरिबियन बेटांवर आणि ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या श्रमावर उसाचे मळे उभे राहिले आणि साखर स्वस्त झाली. ब्रिटनमध्ये १७०० च्या सुमारास माणशी वार्षिक वापर सुमारे ४ पौंड होता. १८०० पर्यंत तो सुमारे १८ पौंडांवर गेला आणि एकोणिसाव्या शतकात कित्येक पटींनी वाढला. त्या शतकातील इंग्लंडच्या कबरींतील दातांवर क्षयाची वाढ स्पष्ट दिसते. दाताचा खरा ‘किडा’ जहाजांतून पिंपे भरून येत होता, पण कोणी त्याला शत्रू म्हणत नव्हते.

२०/
निर्णायक उत्तर बर्लिनमध्ये मिळाले. विलोबी मिलर हा अमेरिकी दंतवैद्य तेथे रॉबर्ट कॉखच्या जंतुशास्त्राच्या प्रभावाखाली काम करत होता. त्याने उपटलेले दात लाळ व पाव यांच्या मिश्रणात शरीराच्या तापमानाला ठेवले. दातांतील क्षार विरघळू लागले. पावाऐवजी मांस घातले तेव्हा तसे झाले नाही. लाळ आधी उकळून घेतली तेव्हाही झाले नाही. १८९० मधील त्याच्या ग्रंथाचा निष्कर्ष असा: तोंडातील जीवाणू पिष्ट व साखर आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. दात कोणी खात नाही. आपण जे खातो त्याच्या आम्लात तो झिजतो.

२१/
पुढचे तपशील भरत गेले. १९२४ मध्ये लंडनमध्ये किलियन क्लार्क याने किडलेल्या दातांतून ‘स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स’ हा जीवाणू वेगळा केला. १९४० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन याने साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर दातांवरील लेप काही मिनिटांतच आम्लधर्मी होतो आणि पूर्ववत होण्यास बराच वेळ घेतो, हे मोजून दाखवले. आम्लतेची पातळी साधारण ५.५ पीएचच्या खाली गेली की दाताचे कवच विरघळू लागते. लाळ ते आम्ल निष्प्रभ करते आणि गेलेले क्षार काही अंशी परत भरते. मात्र त्यासाठी तिला मध्ये मोकळा वेळ मिळावा लागतो.

२२/
हा ‘मोकळा वेळ’ किती महत्त्वाचा, हे ज्या प्रयोगाने सिद्ध झाले तो विज्ञानाच्या इतिहासातील एक डाग आहे. स्वीडनमधील लुंडजवळच्या व्हिपेहोल्म संस्थेत तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे राहत असत. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्यातील काही गटांना मुद्दाम दातांना चिकटणारी टॉफी जेवणांच्या मधल्या वेळेत खाऊ घालण्यात आली. त्यांची संमती घेतलेली नव्हती. ती देण्याच्या स्थितीतही ती माणसे नव्हती. अनेकांचे दात कायमचे नासले. १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट स्वरूपात खाल्ली, हे अधिक घातक ठरते.

२३/
स्वीडिश मुलांना आठवड्यातून एकदाच, शनिवारी, गोड खाऊ देण्याची प्रथा पुढे या ज्ञानातून रुजली. तेथील पिढ्यांचे दात त्यामुळे वाचले. ज्यांच्या दातांवर हे ज्ञान उभे आहे त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. ‘दोन जेवणांमध्ये गोड चघळू नका’ हा सल्ला आज अगदी साधा वाटतो. त्यामागचा हा हिशेब इतिहास वाचणाऱ्याने तरी विसरू नये.

२४/
हिरड्यांची कथा तुलनेने सौम्य आहे. १९६५ मध्ये डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे हाराल्ड ल्यो व सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ स्वयंसेवकांना दात घासणे बंद करण्यास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू करताच आठवडाभराच्या सुमारास त्या पूर्ववत झाल्या. हिरड्यांतून येणारे रक्त हे वयाचे किंवा नशिबाचे लक्षण नसून बहुधा साचलेल्या लेपाचे असते, हे इतक्या सरळ रीतीने सिद्ध झाले. चरकाच्या ‘दोन वेळा’ या शब्दांना दोन हजार वर्षांनी एक मोजमाप मिळाले.

२५/
मग कीड या शब्दाने आपले काय बिघडवले? महाराष्ट्रातील मिश्रीचे उदाहरण घ्या. तंबाखू भारतात पोर्तुगिजांबरोबर आली. ती तव्यावर काळी होईतो भाजून कुटायची आणि त्या भुकटीने दात घासायचे, ही सवय विशेषतः स्त्रियांमध्ये घरोघर पसरली. दात स्वच्छ होतात, ठणक थांबते, कीड मरते, असा तिच्या बाजूने युक्तिवाद होता. शत्रू किडाच असेल तर जे झोंबते, जे बधिर करते, ते औषध वाटणारच. राखुंडी किंवा निंबाची काडी सोडता येते, मिश्री सुटत नाही, कारण घासणारीला निकोटिनचे व्यसन जडलेले असते.

२६/
भाजलेली असो वा कच्ची, तोंडात धरलेली तंबाखू हिरड्या खिळखिळ्या करते आणि तोंडाच्या कर्करोगाला कारण होते. १९९२ मध्ये भारत सरकारने तंबाखूयुक्त दंतमंजन व टूथपेस्ट यांचे उत्पादन आणि विक्री यांवर बंदी घातली. कायद्याने कारखान्यातला डबा थांबला, घरातला तवा मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. ज्या स्त्रीला समाजाने विडी ओढू दिली नसती, तिला दात घासण्याच्या नावाखाली तंबाखू मिळाली. एका चुकीच्या शब्दाची किंमत ही अशी शरीरावर मोजली जाते.

२७/
भारतात शास्त्रशुद्ध दंतशिक्षण उशिरा आले. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. दंतवैद्यांची नोंदणी व शिक्षण नियमबद्ध करणारा कायदा १९४८ चा. याच सुमारास अहमदनगर जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि सणासुदीची साखर हळूहळू रोजच्या चहात विरघळली. दंतवैद्य आणि साखर ही दोन्ही एकाच पिढीत आपल्या दारी आली. साखर अर्थातच जास्त घरांत पोहोचली.

२८/
दाताचे कवच बळकट करण्याचा शोधही या काळातलाच. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने १९०१ नंतर पाहिले की तेथील लोकांच्या दातांवर तपकिरी डाग आहेत, पण ते दात किडत नाहीत. १९३१ मध्ये कारण सापडले: पाण्यातील फ्लोराइड. अल्प मात्रेत ते कवचाला आम्लापासून वाचवते, म्हणून आज ते टूथपेस्टमध्ये असते. अधिक मात्रेत तेच दात आणि हाडे बिघडवते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावे विहिरी-कूपनलिकांच्या पाण्यामुळे हा त्रास भोगत आली आहेत. औषध आणि विष यांत फरक मात्रेचा, हे येथेही खरे ठरते.

२९/
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अंदाजानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना मुखाचा कोणता ना कोणता रोग होता, आणि त्यांत उपचार न झालेला दंतक्षय सर्वाधिक आढळतो. कारण शोधून सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. उपायही महाग नाहीत: दोन वेळा हलक्या हाताने घासणे, फ्लोराइडयुक्त पेस्ट, दोन खाण्यांत अंतर, गोडाची वारंवारता कमी, तंबाखू वर्ज्य, आणि ठणक उठण्यापूर्वी तपासणी. आपण मात्र अजूनही ‘कीड लागली’ म्हणतो, म्हणजे ती कोठून तरी आपोआप आली आणि आपला तिच्याशी काही संबंध नव्हता.

३०/
शब्द बदलण्याची गरज नाही. सूर्य उगवत नाही हे ठाऊक असूनही आपण ‘सूर्य उगवला’ म्हणतोच. पण त्या शब्दामागची कल्पना मात्र तपासून पाहावी. परका किडा एकदा हाकलून लावला की झाले, ही कल्पना चार हजार वर्षे लोकांना धुरीकडे, मंत्राकडे आणि शेवटी मिश्रीकडे घेऊन गेली. याच काळात, याच भूमीत, रोज सकाळी काडी चावणारा माणूस कोणताही सिद्धान्त न जाणता योग्य ते करत होता. सिद्धान्त चुकला तरी सवय बरोबर असू शकते, आणि सिद्धान्त कळूनही सवय चुकू शकते. आज आपण दुसऱ्या गटात आहोत.

३१/
तुमच्या आजी-आजोबांनी दात कशाने घासले, हे त्यांना अवश्य विचारा: राखुंडी, मीठ, कोळसा, निंबाची किंवा बाभळीची काडी, की मिश्री? दाढ दुखली तर कोणाकडे नेत, धुरी कशाची देत, याच्या आठवणी खाली लिहा. अशा नोंदी ग्रंथांत फारशा सापडत नाहीत. त्या माणसांबरोबर निघून जातात. आणि घरात कोणी अजून मिश्री लावत असेल, तर हा धागा त्यांना वाचून दाखवा.